प्रकाशाचे यंत्र आणि औंधचा धडा

विजेऐवजी प्रकाशाने गणित करणारी यंत्रे आता प्रयोगशाळेचा उंबरठा ओलांडू लागली आहेत. एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’ या जगन्मान्य विज्ञान-नियतकालिकात एकाच वेळी दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. एक लाइटमॅटर या अमेरिकन कंपनीचा, दुसरा लाइटेलिजन्स या कंपनीचा. आठ वर्षांपूर्वी, २०१७ साली, या दोन्ही कंपन्यांचे संस्थापक मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठात एकाच निबंधाचे सहलेखक होते. आज ज्या आकडेमोडीवर कृत्रिम बुद्धिमत्तेचा सारा डोलारा उभा आहे, ती आकडेमोड प्रकाशकिरणांकडून करून घेता येते, आणि तीही केवळ शोभेच्या प्रयोगात नव्हे तर चालत्या यंत्रात, हे दोघांनीही दाखवून दिले. जुलै २०२५ मध्ये जर्मनीतील श्टुटगार्टच्या क्यू.अँट या कंपनीने आपले प्रकाशयंत्र म्यूनिकनजीकच्या लाइबनिट्स महासंगणक केंद्राच्या स्वाधीन केले. सप्टेंबरात मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिज येथील शास्त्रज्ञांनी सूक्ष्म दिवे आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यात असतात तसले संवेदक यांच्यापासून बनविलेल्या गणकयंत्राचा वृत्तांत प्रसिद्ध केला. या वार्ता आमच्याकडे आल्या, वाचल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी रद्दीत गेल्या. त्यांत महाराष्ट्राचे काही हित गुंतले आहे असे कोणास वाटले नाही.

आम्हांस मात्र तसे वाटते. आणि तसे वाटण्याचे कारण कॅलिफोर्नियात नसून सातारा-सांगलीच्या माळावर, एके काळच्या औंध संस्थानात आहे. हे विधान वाचून काही वाचक हसतील. पण त्यांनी निदान आमचे म्हणणे अखेरपर्यंत ऐकून घ्यावे, एवढीच विनंती.

निम्मी कोयना

आधी पेच कोठे आहे ते पाहू. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे विजेवर चालतात असे म्हणणे पुरेसे नाही. ती वीज गिळतात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५ सालच्या अहवालाप्रमाणे जगातील डेटा सेंटरांनी २०२४ साली सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण वापराचा हा सुमारे दीड टक्का झाला. २०३० पर्यंत हा आकडा ९४५ अब्ज युनिटांच्या घरात जाईल असा त्याच संस्थेचा अंदाज आहे. या कामासाठी सर्रास वापरली जाणारी एनव्हिडिया कंपनीची एच-१०० ही एक चिप पूर्ण भारावर ७०० वॉट वीज खाते, म्हणजे जवळजवळ घरातल्या इस्त्रीएवढी. अशा हजारो इस्त्र्या एका छपराखाली रात्रंदिवस तापत ठेवल्या आहेत अशी कल्पना करावी. मग त्यांना थंड ठेवण्यासाठी आणखी वीज आणि पाणी का लागते, हे वेगळे सांगावयास नको.

ऑक्टोबर २०२५ मध्ये गूगलने विशाखापट्टणम येथे जे केंद्र जाहीर केले ते गिगावॉट पातळीचे, म्हणजे हजार मेगावॉटांच्या हिशेबातले आहे. आमची कोयना सारे टप्पे मिळून १,९६० मेगावॉटांची. ज्या कोयनेसाठी सातारा जिल्ह्यातील गावे पाण्याखाली गेली, १९६२ पासून जिच्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने फिरले, तिच्या निम्म्या शक्तीचा घास हे असले एकच केंद्र घेणार! आणि ही गोष्ट दूरच्या आंध्रापुरती नाही. देशातील डेटा सेंटरांचा सर्वांत मोठा समूह मुंबई-नवी मुंबईच्या परिसरात आहे. ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल या भागांत जेथे पूर्वी रसायनांचे आणि यंत्रांचे कारखाने होते, तेथे आता बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या राहत आहेत. राज्य त्यांचे स्वागत करते, सवलती देते. त्यास आमचा विरोध नाही. परंतु ज्या राज्यात माण, खटाव, आटपाडी या तालुक्यांतील बाया उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत बसल्या आहेत, त्या राज्याने वीज आणि पाणी कोणास, कशासाठी आणि कोणत्या मोबदल्यात देतो आहोत, हा प्रश्न विचारणे म्हणजे प्रगतीला विरोध करणे नव्हे.

मोबदल्याचा विचार केला तर चित्र फारसे सुखावह नाही. जागा आमची, वीज आमची, पाणी आमचे. यंत्र मात्र परक्याचे. त्याचा आराखडा अमेरिकेत होतो, ते घडते तैवानात, आणि घडविण्यासाठी लागणारे अवजार येते हॉलंडमधून. या साखळीची एक कडी कोणी हातात धरून ठेवली की आपला हात रिकामा! जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी शासनाने देशांची प्रतवारी लावून या चिपांच्या निर्यातीवर मर्यादा घालणारा नियम काढला, तेव्हा भारताची गणना मर्यादा असलेल्या देशांत झाली. मे महिन्यात तो नियम अमलात येण्यापूर्वीच मागे घेतला गेला, ही गोष्ट निराळी. ज्यांची स्मरणशक्ती शाबूत आहे त्यांना १९८० च्या दशकातील क्रे महासंगणकाचे प्रकरण आठवेल. अमेरिकेने हवा असलेला संगणक नाकारला, म्हणून १९८८ साली पुण्यास सी-डॅक संस्था निघाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ उभा राहिला. नकारातून निर्मिती झाली. परंतु प्रत्येक वेळी कोणी तरी नकार देण्याची वाट पाहावयाची, आणि मग जागे व्हावयाचे, हे काय राष्ट्राचे धोरण झाले? केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये सुमारे १०,३७२ कोटी रुपयांचे कृत्रिम बुद्धिमत्ता अभियान मंजूर केले आणि त्यातून ३८,००० हून अधिक चिपा संशोधकांना स्वस्त दराने उपलब्ध केल्या, हे स्तुत्य आहे. पण त्या सगळ्या विकत आणलेल्या आहेत, ही वस्तुस्थिती नजरेआड करून चालणार नाही.

प्रकाश गणित कसे करतो?

आता प्रकाशाकडे वळू. कृत्रिम बुद्धिमत्ता हे नाव भारदस्त आहे. पण यंत्राच्या पोटात जे चालते ते बहुतांशी गुणाकार आणि बेरीज. आकड्यांचे प्रचंड कोष्टक, त्याला दुसऱ्या आकड्यांनी गुणावयाचे, आलेल्या गुणाकारांची बेरीज करावयाची, आणि हे अब्जावधी वेळा. आजच्या चिपेत हे आकडे स्मृतिकोठारातून गणनागृहात आणि तेथून परत असे सारखे ने-आण करावे लागतात. तांब्याच्या अतिसूक्ष्म तारांतून विद्युत्प्रवाह धावतो, तारा तापतात, आणि पुष्कळशी शक्ती गणित करण्यात नव्हे तर या हेलपाट्यांतच खर्च होते.

प्रकाशाची रीत वेगळी. सिलिकनच्या पातळ चकतीवर केसाच्या शतांशाहूनही अरुंद अशा वाटा कोरलेल्या असतात. त्यांतून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश वाहतो. एका वाटेचे दोन फाटे करावयाचे, एका फाट्यातील लाटेला किंचित मागे रेटावयाचे, आणि दोन्ही फाटे पुन्हा एकत्र आणावयाचे. लाटेचा माथा माथ्यावर पडला तर प्रकाश वाढतो. माथा खळग्यात पडला तर तो मावळतो. हे व्यतिकरणाचे तत्त्व थॉमस यंगने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच जगाला दाखविले होते. लाट किती रेटावयाची ते आपल्या हाती. म्हणजे आत गेलेल्या प्रकाशाचा कितवा हिस्सा बाहेर पडावा तेही आपल्या हाती. आणि दिलेल्या आकड्याचा ठरावीक हिस्सा काढणे म्हणजेच गुणाकार! असे शेकडो-हजारो फाटे जाळ्यासारखे विणले की आख्खे कोष्टक त्या चकतीत बसते. प्रकाश एका बाजूने आत शिरतो आणि पलीकडे पोहोचतो तोच उत्तर तयार असते. वाटेत तार नाही, म्हणून तारेचा ताप नाही. शिवाय एकाच वाटेतून निरनिराळ्या रंगांचे, म्हणजे निरनिराळ्या तरंगलांबीचे, किरण एकमेकांस धक्का न लावता जाऊ शकतात. म्हणजे एकाच जात्यात एकाच वेळी चार घरांचे दळण! लाइटेलिजन्सच्या यंत्रात ६४ ओळी आणि ६४ स्तंभांचे असे कोष्टक असून त्यात सोळा हजारांहून अधिक प्रकाशघटक आहेत.

भाबडेपणा नको

येथवर वाचून ज्यांना विजेच्या चिपांचे दिवस भरले असे वाटू लागले असेल, त्यांना आम्ही थोडे थांबवू इच्छितो. दुरून डोंगर साजरे, ही म्हण विज्ञानालाही लागू आहे. १९९० साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ॲलन हुआंग यांच्या चमूने प्रकाशावर चालणारा गणकाचा नमुना दाखविला, तेव्हाही असाच गाजावाजा झाला होता. पुढे तीस वर्षे सिलिकनची चिप दर दोन वर्षांनी दुप्पट बलवान होत गेली आणि प्रकाशगणक मागे पडला.

आजच्याही अडचणी खऱ्या आहेत. प्रकाशाला आकडे ठाऊक नसतात. त्याला आकडे कळवावे लागतात विजेच्या भाषेतून, आणि त्याचे उत्तर पुन्हा विजेच्या भाषेत उतरवून घ्यावे लागते. लाइटमॅटरच्या यंत्राने सेकंदाला साडेपासष्ट लाख कोटी क्रिया केल्या. त्यासाठी ७८ वॉट वीज लागली, आणि प्रत्यक्ष प्रकाश किती? अवघा १.६ वॉटांचा. म्हणजे गणित करणारा अल्पसंतुष्ट, पण त्याच्या दुभाष्यांचा आणि देखरेखवाल्यांचा पगारच भारी! याच्याशी तुलना करता एच-१०० ही विजेची चिप ७०० वॉटांत सुमारे ९९० लाख कोटी क्रिया करते. दोन्हींतील आकडे मांडण्याच्या पद्धती थोड्या निराळ्या आहेत. तरी ढोबळ हिशेबाने एका वॉटमागे आजही विजेचीच चिप पुढे आहे. याखेरीज प्रकाशाला साठवून ठेवणे कठीण. प्रकाशाचे घटक अवाढव्य. एका घटकाच्या जागेत लाखो ट्रान्झिस्टर मावतील. आणि प्रकाशाचे गणित काट्याच्या घड्याळासारखे, म्हणजे अंदाजाने वाचावयाचे. तपमान जरा बदलले की काटा हलतो.

म्हणून प्रकाशाचा प्रवेश आधी होणार तो गणनागृहात नव्हे, तर दळणवळणात. आजच्या एका मोठ्या कपाटात ७२ चिपा एकमेकींशी जोडण्यासाठी पाच हजारांहून अधिक तांब्याच्या तारा वापरतात; त्यांची लांबी भरते सुमारे तीन किलोमीटर. २०२४ साली एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनीच सांगितले की, तेथे प्रकाशाची साधने वापरली असती तर वीस किलोवॉट वीज अधिक लागली असती, म्हणून तांबे वापरले. पण त्याच कंपनीने मार्च २०२५ मध्ये कपाटांना जोडणाऱ्या यंत्रांत चिपेशेजारीच प्रकाशाची साधने बसविण्याचे जाहीर केले. तांब्याच्या सर्वांत मोठ्या पुरस्कर्त्यालाही प्रकाशाकडे वळावे लागले, यातच वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे ते दिसते. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालून येणारा संदेश आजही प्रकाशाच्याच रूपाने येतो; प्रश्न एवढाच आहे की तो प्रकाश यंत्राच्या दाराशी न थांबता किती आत शिरणार.

सारांश, प्रकाशयंत्र आज उद्योग नाही, पण ते स्वप्नही उरलेले नाही. ते नेमके आरंभाच्या अवस्थेत आहे. आणि आरंभ ओळखणे हीच तर औंधची विद्या होती.

औंधने काय केले?

औंध हे संस्थान ते केवढे? सुमारे पाचशे चौरस मैलांचा मुलूख, बहात्तर गावे, आणि तीही सलग नाहीत. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे. पाऊस बेताचा आणि तिजोरीही बेताचीच. त्या गादीवर १९०९ साली भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी आले: चित्रे काढणारा, कीर्तन करणारा, गावोगाव सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारा राजा. त्याच सुमारास लक्ष्मणराव किर्लोस्कर नावाचा एक कारागीर बेळगावात अडचणीत सापडला होता. त्याने केलेला लोखंडी नांगर शेतकरी घेत नव्हते. लोखंडाने जमीन नासते अशी त्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. तशात नगरपालिकेच्या योजनेपायी कारखान्याची जागाही सोडावी लागली. व्यवहारी माणसाने अशा कारागिराला दारात उभे केले नसते. बाळासाहेबांनी त्याला कुंडल रोड स्टेशनानजीक निवडुंगाने भरलेली बत्तीस एकर जमीन दिली आणि भांडवलास हातभार लावला. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे आणि तेथले पंप आजही शेताला पाणी देत आहेत.

दुसरे उदाहरण तर प्रकाशाचेच. १९०८ साली लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाने तळेगावास काचेचा कारखाना काढला आणि काच करण्याची विद्या महाराष्ट्राच्या हाती आली. त्यानंतर १९१६ साली ओगले बंधूंनी कऱ्हाड स्टेशनाजवळ, औंध संस्थानाच्याच हद्दीत, काचकारखाना उभारला. ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील ठाऊक नाही असे जुन्या पिढीतील घर सापडणार नाही. त्या कंदिलाच्या उजेडात या राज्यातील कितीतरी शिक्षक, वकील आणि अभियंते अभ्यास करून मोठे झाले. खेडोपाडी वीज पोहोचली तसे कंदिलाचे दिवस सरले. पुढे तो कारखानाही बंद पडला.

येथे आमच्या मनाला एक गोष्ट लागून राहते. एडिसनच्या दिव्यासाठी काच पुरविणारी अमेरिकेतील कॉर्निंग ही कंपनीदेखील काचेचीच होती. दिवे बदलले, काळ बदलला. पण १९७० साली त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत दूरसंदेशाला उपयोगी पडेल असा पहिला काचतंतू निघाला आणि जगाचे दळणवळण त्यावर उभे राहिले. कंदिलाच्या काचेपासून काचतंतूपर्यंतची वाट त्यांना सापडली. ओगलेवाडीला सापडली नाही. हा दोष ओगल्यांचा नव्हे. आमच्याकडे कारखाना आणि प्रयोगशाळा यांची गाठच क्वचित पडली. भट्टीवाल्याला शास्त्रज्ञ भेटला नाही आणि शास्त्रज्ञाला भट्टी दिसली नाही.

याच्या उलट बाजूचेही एक उदाहरण आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली ‘टिफ्रॅक’ हा गणक १९६० साली पूर्ण झाला. देशात आराखडा करून बांधलेला तो पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक गणक. त्यात २,७०० निर्वात नळ्या होत्या. त्या तरुणांचे कर्तृत्व थोर होते. परंतु तो पूर्ण होईतो जगाने नळ्या टाकून ट्रान्झिस्टरकडे मोर्चा वळविला होता. सुटलेल्या गाडीमागे धावण्यात छाती कितीही भरून आली तरी गाडी सापडत नाही. आज दोनतीन नॅनोमीटरच्या चिपा बनविण्याच्या शर्यतीत उतरावयाचे म्हणजे अशीच धाव आहे. प्रकाशाची गाडी मात्र अद्याप फलाटावर उभी आहे.

आणि तिचे तिकीट परवडणारे आहे, हा यातील कळीचा मुद्दा. प्रकाशाच्या वाटा कोरण्यासाठी अद्ययावत अवजार लागत नाही. प्रकाशाची लाटच एवढी मोठी असते की ज्या यंत्रशाळा चिपांच्या शर्यतीत केव्हाच जुन्या ठरल्या त्या या कामास चालतात. श्टुटगार्टच्या कंपनीने हेच केले. तेथील संशोधन संस्थेच्या जुन्या चिपशाळेचा कायापालट करून २०२५ च्या आरंभी आपली मालिका सुरू केली. यंत्रसामग्रीवर सुमारे १ कोटी ४० लाख युरो घातले. गुजरातेत धोलेरा येथे विजेच्या चिपांसाठी मंजूर झालेल्या कारखान्याचा खर्च ९१,००० कोटी रुपये आहे. ही तुलना सारख्या वस्तूंची नाही हे आम्ही जाणतो. पण दाराची उंची किती ते तिच्यावरून कळते. एक दार हत्तीसाठी आहे, दुसऱ्यातून साधा माणूसही आत जाऊ शकतो.

महाराष्ट्राने काय करावे?

साधनांची येथे वाण नाही. मुंबईस टाटा संस्था व आयआयटी आहे. पुण्यास सी-डॅक, आयसर, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि जुने अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज-शेंद्र्यास काचेच्या कांडीपासून केसासारखा तंतू ओढणारे कारखाने आहेत. मद्रासच्या आयआयटीत प्रकाशचिपांचे केंद्र केव्हाच सुरू झाले आहे. ते परके नव्हे, त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा नाही. उणीव आहे ती या साऱ्यांना एका बाकावर बसविणाऱ्याची.

म्हणून आमच्या मागण्या चार, आणि चारही साध्या आहेत.

पहिली, पुण्यास प्रकाशयंत्रांची एक सार्वजनिक कार्यशाळा काढावी. तीत कोणत्याही महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यास आणि छोट्या कारखानदारास आपला नमुना बनवून, तपासून घेता यावा. तिला दहा वर्षांचा पैसा एकदम बांधून द्यावा. दर मार्चमध्ये अर्थसंकल्पाच्या दारात हात पसरावयास लावून कोणतेही विज्ञान वाढलेले नाही.

दुसरी, या उद्योगातील जोडणी आणि तपासणीचे काम सातारा-सांगलीकडे न्यावे. प्रकाशचिपेच्या खर्चाचा मोठा वाटा चिप कोरण्यात जात नाही, तर काचतंतू तिच्या तोंडाशी मायक्रॉनही न ढळता बसविण्यात जातो. हे काम डोळ्याचे आणि बोटांचे आहे. खानापूर-आटपाडीचे गलाई कारागीर दुष्काळामुळे घर सोडून निघाले आणि सोन्याचा कणही वाया न घालविण्याच्या कसबावर भारतभर पसरले. किर्लोस्करवाडी-कऱ्हाडच्या कामगारांच्या हातात तीन पिढ्यांचे यंत्रकसब आहे. या मुलांना पुण्यामुंबईच्या खोल्यांत दाटीवाटीने राहावयास लावण्याऐवजी काम त्यांच्या गावी का नेऊ नये? त्याला धरणभर पाणी लागत नाही. दुष्काळी भागाला साजेसा असा हा उद्योग आहे.

तिसरी, शासनाने स्वतः पहिले गिऱ्हाईक व्हावे. नव्या वस्तूला अनुदानापेक्षा गिऱ्हाइकाची गरज अधिक असते, हे ज्याचा नांगर दोन वर्षे पडून राहिला त्या किर्लोस्करांना विचारावे. राज्याने जून २०२५ मध्ये शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर करून पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. त्यातील लहानसा भाग देशात बनलेल्या प्रकाशसाधनांच्या खरेदीसाठी राखून ठेवावा. मग ती पिकावरील रोग ओळखणारी असोत, की धरणांच्या पाण्याचा हिशेब ठेवणारी.

चौथी, जी डेटा सेंटरे महाराष्ट्राची वीज व पाणी घेतात त्यांनी दरवर्षी किती घेतले आणि त्यात किती काम केले, याचा हिशेब जाहीर करावा. आज काटकसर करणाऱ्या यंत्राला उधळ्या यंत्रापेक्षा अधिक मान नाही, कारण उधळपट्टी कोणास दिसतच नाही. ती दिसू लागली की प्रकाशाला बाजार आपोआप मिळेल.

यावर कोणी म्हणेल, आणि म्हणावेही, की प्रकाशयंत्र पुन्हा एकदा मागे पडले तर हा पैसा बुडाला. बुडेल, कदाचित. परंतु सूक्ष्म जोडणी, काचतंतू, लेझर आणि संवेदक यांचे कसब बुडत नाही. तेच कसब दूरसंचाराला लागते, शस्त्रक्रियेला लागते, संरक्षणाला लागते. चिपेची बाजी हरली तरी हात शहाणे झालेले असतील. उलट काहीच केले नाही तर पंधरा वर्षांनी हीच यंत्रे आपण डॉलर मोजून आणू, आणि त्यांच्यासाठी आणखी एक छप्पर बांधून दिल्याचा समारंभ करू.

औंधच्या त्या राजाची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे पुरे होणार नाही. १९३९ साली, कोणी मागण्यापूर्वी, गांधीजींच्या सल्ल्याने त्याने आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली. आज गणनेची सत्ता जगातील मोजक्या कंपन्यांच्या कपाटांत साठत आहे; ती कोणी आपण होऊन वाटून देणार नाही. ती मिळवावी लागते, आणि मिळविण्याचा क्षण यंत्र लहान असते तेव्हाच असतो. बहात्तर गावांच्या संस्थानाला जो क्षण ओळखता आला तो बारा-तेरा कोटींच्या महाराष्ट्राला ओळखता येऊ नये काय? प्रभाकर म्हणजे सूर्य. ते नाव एका साध्या कंदिलाला देण्याची हिंमत ज्या मातीत होती, त्या मातीने आता प्रकाशाचे गणित शिकावयास बसावे. शासनाने तिच्यासाठी बत्तीस एकर निवडुंगाची जमीन तेवढी मोकळी करून द्यावी. आणि दिल्यानंतर पहिला नांगर विकला जाईपर्यंत धीर धरावा.